फार पांढऱ्या ओस्त्या

बोरभाट, साष्टी
१२ जानेवारी १९४३

प्रिय लियांद्र,

तुझं नाताळचं पत्र तुझ्या मांयने मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी शेजारच्या केरुबीनलाही बोलावून समोर बसवलं होतं. 'आता सगळं गोदाम माझ्याच हाताखाली आहे' हे वाक्य आलं की मांय मला थांबवायची आणि केरुबीनकडे बघायची. केरुबीन म्हणाली, "मग एखादं पोतं पाठव म्हणावं. नुसतं पत्र काय चावून खायचं?" मांय दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

केरुबीन थट्टेत बोलली, पण मला तेच गंभीरपणे लिहायचं आहे. मडगावात गव्हाचं पीठ मिळेनासं झालं आहे. लढाईमुळे बोटी येत नाहीत, आणि येतात त्यांत पीठ नसतं. माझ्याकडे आज मोजून अठरा शेर उरलं आहे. पाच चर्चांत मिस्सेच्या प्रार्थनेला लागणाऱ्या पातळ ओस्त्या मी भाजतो, त्यात आता उपासाचे चाळीस दिवस आणि मग ईस्टर येणार. हे पीठ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापलीकडे जाणार नाही.

तू मावसभाऊ असलास तरी काम सांगताना मी नीट सांगतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. ओस्तीत गहू आणि पाणी, तिसरं काही नाही. मीठ नाही, साखर नाही, खमीर नाही, दुसऱ्या धान्याची चिमूटसुद्धा नाही. मी शाळेत तिसरीपर्यंतच गेलो, पण लॅटिन माझं मी बसून शिकलो ते हे नियम मुळातून वाचण्यासाठी. मिस्सेत पाद्री 'हे माझं शरीर' हे शब्द उच्चारतो तेव्हा गव्हाची भाकर भाकर राहत नाही, जेजू ख्रिस्ताचं शरीर होते. दिसते तशीच, लागते तशीच, पण असते ती तो. दुसऱ्या पिठावर तेच शब्द हजारदा म्हटले तरी पीठ ते पीठच. म्हणून पाद्रीच्या हाताइतकाच माझा हात स्वच्छ लागतो, असं मी समजतो. बावीस वर्षांत माझ्या साच्यातून एकही खोटी ओस्ती निघालेली नाही.

शुद्ध गव्हाचं पीठ पाठवता येईल का ते स्पष्ट कळव. जमत नसेल तर तसंही स्पष्ट कळव, मी दुसरीकडे बघेन.

तुझा,
बेलार्मिन


बेळगाव
२४ जानेवारी १९४३

प्रिय इर्मांव बेलार्मिन,

थोरल्या भावाने एवढं लांबलचक लिहायचं आणि शेवटी विचारायचं 'जमेल का'? मी इथे कोण आहे ते मांयला विचार. मी चिठ्ठी लिहिली की पोतं हलतं. रेशन सामान्य माणसाला असतं.

पहिलं पोतं या पत्राच्या मागोमाग निघेल. आगगाडीचा एक गार्ड माझ्या ओळखीचा आहे, तो कॅसलरॉकच्या नाक्यावरून नीट पार करेल. दर महिन्याला एक, ईस्टरपर्यंत. तू लॅटिन वाचत बस, पिठाचं मी बघतो.

मांयला सांग, तिच्या मुलाच्या पिठातून आता पाच गावांसाठी जेजू येणार आहे. केरुबीनच्या मुलाने काय पाठवलं तेही विचार म्हणावं.

मांयकडे माझ्यासाठी बेसांव माग, तिचा आशीर्वाद असू दे.

तुझा धाकटा,
लियांद्र


बोरभाट
२२ फेब्रुवारी १९४३

प्रिय लियांद्र,

पहिलं पोतं २ तारखेला पोहोचलं. उत्तम पीठ होतं, त्याबद्दल तुझे आभार लिहायचे राहिले ते आता लिहितो. दुसरं पोतं परवा आलं.

दुसऱ्या पोत्यातलं पीठ वेगळं आहे. वाईट म्हणत नाही, वेगळं म्हणतो. पहिलं फोडून हातात घेतलं तर किंचित पिवळसर होतं आणि मुठीत दाबलं की मूठ धरत होतं. हे पांढरंफेक आहे, आणि बोटांतून वाळूसारखं निसटतं. कालवलेलं पीठ साच्यावर ओतलं की पळतं, कडेला आवरावं लागतं. साच्याच्या दोन्ही पत्र्यांना मी नेहमीप्रमाणे मेण फिरवलं, कोळसे तेवढेच ठेवले, तरी ओस्ती कडेला तांबूस होतच नाही. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवून सकाळी कापल्या, तर शंभरात तीस-पस्तीस फुटल्या. एरवी चार फुटतात.

मात्र दिसायला अशा ओस्त्या या गावाने पाहिलेल्या नाहीत. रविवारी मिस्सेत आपल्या चर्चच्या पाद-विगारांनी मोठी ओस्ती वर उचलली तेव्हा बायकांच्या बाजूने 'आहा' असा आवाज आला. मिस्सा सुटल्यावर तुझी मांय दारातच उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "माझ्या लियांद्रचं पीठ हो. एवढं पांढरं असतं का कुठे?" पाद-विगार मला म्हणाले, "बेलार्मिन, या वयात तुझा हात सुधारला." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कामाची केलेली ही पहिली स्तुती.

हे पीठ कुठल्या गिरणीचं, कुठल्या गव्हाचं, एवढं कळव. मला कळलेलं बरं असतं.

तुझा,
बेलार्मिन


बेळगाव
४ मार्च १९४३

प्रिय इर्मांव,

तुझ्या पत्राला हसावं की रडावं कळेना. लोक पांढऱ्या पिठासाठी जीव टाकतात, आणि तुला ते पांढरं आहे म्हणून तक्रार. नवीन गिरणी आहे, बारीक रेशमी चाळणीतून चाळतात, कोंड्याचा कण राहत नाही. म्हणून रंग असा आणि म्हणून निसटतं. पाणी जरा कमी घाल. गोदामात बसून मी एवढं शिकलो आहे.

तिसरं पोतं धाडलं आहे. या दिवसांत एवढं मिळवायला काय काय करावं लागतं ते तुला तिथे बसून कळायचं नाही. गिरणीचं नाव वगैरे विचारत जाऊ नकोस. हल्ली पत्रं नाक्यावर फोडून वाचतात, तुझंही फोडून पुन्हा चिकटवलेलं आलं. पीठ सरहद्दीपलीकडे जातं हे लिहिलेलं बरं नव्हे.

मांयचा खोकला कसा आहे?

लियांद्र


बोरभाट
२९ मार्च १९४३

प्रिय लियांद्र,

खोकला गेला. मांय बरी आहे. गाव बरं नाही.

महिन्याच्या सुरुवातीला खाडीलगतच्या खाजनाकडच्या घरांत ताप शिरला. आधी डोकं धरतं, मग आठवडाभर ताप उतरत नाही, मग माणूस बडबडायला लागतो. आजपर्यंत पाच जण गेले. पाद-विगार कॉन्स्तांसियो दिवसातून तीनदा घंटा घेऊन निघतात. पुढे घंटा, मागे ते, छातीशी ओस्तीची डबी. रस्त्यावरचा माणूस असेल तिथे गुडघे टेकतो. मरणाऱ्याच्या तोंडात ती शेवटची ओस्ती गेली की घरचे लोक थोडे सैल होतात. रडतात, पण वेगळं रडतात. आता हा एकटा जाणार नाही, बरोबर कोणीतरी आहे, असं ते रडणं असतं. तू लहानपणी ते पाहिलं आहेस.

केरुबीन गुरुवारी गेली. तिच्या वेळी मेणबत्ती धरायला मी होतो. जीभ बाहेर काढण्याचंही त्राण तिच्यात नव्हतं, म्हणून पाद-विगारांनी ओस्तीचा छोटा तुकडा करायला घेतला. मोडताना कट्ट असा आवाज झाला, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढा. गव्हाची ओस्ती मोडताना इतका आवाज करत नाही. पाद-विगारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेणबत्तीकडे पाहिलं. केरुबीनने तुकडा गिळला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आता ठीक." तिचा नवरा निकलांव माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

तिसऱ्या पोत्यातलं पीठ दुसऱ्यापेक्षाही पांढरं आहे.

तुला एक गोष्ट विचारायची होती. लिहायला घेतली आणि थांबलो. काही गोष्टी विचारल्यावर सांगण्यात आणि आपणहून सांगण्यात फरक असतो. मी आठ दिवस वाट बघतो.

बेलार्मिन


बेळगाव
१४ एप्रिल १९४३

इर्मांव बेलार्मिन,

तुझं पत्र अकरा दिवसांनी मिळालं. केरुबीनचं वाचून वाईट वाटलं. तिच्या थट्टेचा मी राग धरला होता.

तू काय विचारणार होतास ते मला कळलं नाही. पोती येतात ती वेळेवर येतात ना? मग झालं.

मांयला तापाच्या घरात जाऊ देऊ नकोस. ती ऐकणार नाही, मयताचं कळलं की चटई घेऊन जाऊन बसेल, तरी आवर. आणि माझं एक ऐक. पवित्र आठवड्यात तिला मडगावला सिस्टरांच्या मठात पाठव, तिथे मिस्सा ऐकू दे, तिथेच ओस्तीचा कुमगार घेऊ दे. सिस्टर आपल्या ओस्त्या आपणच करतात, असं तूच मागे म्हणाला होतास. बोरभाटात गर्दी असते, तापाचे लोक वेदीपुढच्या त्याच कठड्याला येऊन गुडघे टेकतात. तेवढ्यासाठीच सांगतो. कारण विचारलं तर हेच सांग.

चौथं पोतं पाठवलेलं नाही. गार्डाची बदली झाली.

लियांद्र


बोरभाट
२८ एप्रिल १९४३

लियांद्र,

तुझा निरोप मी मांयला सांगितला. ती म्हणाली, "मडगावला? साठ वर्षं मी याच कठड्याला तोंड उघडलंय. आणि आता माझ्या मुलाचं पीठ इथे असताना मी सिस्टरांच्या दारात जाऊ? काय झालं काय त्याला?" मी गर्दीचं कारण सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "बेलार्मिन," म्हणाली, "तू खोटं बोलताना उजवा कान चोळतोस."

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तिने डोकं धरलं. आज तिसरा दिवस. काल संध्याकाळी तिनेच पाद-विगारांना बोलावून घेतलं, म्हणाली, बडबडायला लागायच्या आधी घेते. घंटा आमच्या अंगणात आली. तिने घेतली. माझ्याच साच्यातली, तुझ्याच पोत्यातली. घेतल्यावर मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "लियांद्रला लिही, मी त्याच्या हातचं खाल्लं."

मी तसंच लिहीत आहे.

बेलार्मिन


बेळगाव
९ मे १९४३

इर्मांव,

तुझं पत्र काल आलं. रात्रभर बसलो आहे. हे पत्र नाक्यावर कोणी फोडून वाचणार असेल तर वाचो.

मी गोदामाचा मुख्य नाही. काटा धरतो. पोती काट्यावर चढवतात, मी आकडा ओरडतो, दुसरा कोणी लिहून घेतो. मांयला एकदा लिहिलं आणि मग प्रत्येक पत्रात तेच पुढे लिहीत गेलो. तुझं पत्र आलं तेव्हा 'जमत नाही' एवढे दोन शब्द लिहायला हवे होते. पण ते तू मांयला वाचून दाखवले असतेस, केरुबीन समोर बसली असती.

पहिलं पोतं खरं होतं. त्यासाठी मी आठवडाभर दोघातिघांचे हातपाय धरले. दुसऱ्या वेळी गहू बेळगावात कुणाच्याच बापाला मिळत नव्हता. मी तांदळाची पिठी घेतली, तीत आरारूट मिसळलं आणि वर दोन मुठी मैदा. मला वाटलं, दोन मुठी तर आहे ना. तिसऱ्या पोत्यात मुठीही नव्हत्या. मला माहीत होतं तू ओळखशील. तू ओळखावंस आणि पोतं परत पाठवावंस म्हणून मी रोज वाट बघायचो. तू लिहिलंस, दिसायला अशा ओस्त्या गावाने पाहिल्या नाहीत. मग मी गप्प बसलो.

मांयने तांदूळ खाल्ला. जेजू म्हणून तिने तांदूळ खाल्ला, आणि मला निरोप पाठवला.

इथल्या पाद्रीकडे मी अजून कबुली दिलेली नाही. मी इथल्या चर्चच्या मंडळाचा चिटणीस आहे, ते मला फार मानतात. एक रविवार कठड्यापाशी गेलो नाही तर बायको विचारते, लोक बघतात. म्हणून जातोच, एकही रविवार चुकवलेला नाही. तू मांयला सांगितलंस आणि तिने माफ केलं की मग पाद्रीकडे जाईन, असं ठरवलं आहे. आधी तिने माफ करू दे.

तू पाद-विगारांना सांग. तिला खरी ओस्ती मिळू दे, काहीही करून. माझं नाव सांग.

लियांद्र


बोरभाट
९ मे १९४३

लियांद्र,

मांयचा ताप कालपासून उतरला आहे. थोडी पेज जाते. ती झोपली आहे म्हणून लिहायला बसलो.

तू सांगशील म्हणून मी वाट पाहत होतो. आता मीच सांगतो. ९ मार्चला, उपास सुरू होतात त्या राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मी तुझ्या दुसऱ्या पोत्यातलं मूठभर पीठ घट्ट मळलं, फडक्यात बांधलं आणि वाहत्या पाण्याखाली चोळलं. गव्हाचं पीठ असं धुतलं की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा राहतो. लहानपणी आपण तो चावायचो. मी फडकं उघडलं. फडक्याला बोटभर चिकट काहीतरी लागलं होतं, बाकी काही नव्हतं. तिसरं पोतं आलं तेव्हा पुन्हा केलं. तेव्हा फडकं कोरं निघालं.

म्हणजे मला ९ मार्चपासून माहीत आहे. आज ९ मे.

केरुबीनच्या उशाशी मेणबत्ती धरली तेव्हा मला माहीत होतं. मांयने तोंड उघडलं तेव्हा माहीत होतं. मी मनाशी असं धरून बसलो की पाप तुझं आहे, तर तोंडही तूच उघडायला हवं. खरं कारण तसं नाही. पाच चर्च, तोंडावर ईस्टर, आणि बेलार्मिनने तांदळाच्या ओस्त्या केल्या असं लोक म्हणतील, हे मला सहन होणार नव्हतं. पाद-विगारांनी पहिल्यांदा स्तुती केली होती. तू दोनदा फसवलंस आणि घाबरलास. मी दर शनिवारी साचा तापवून, मेण लावून, मोजून, नीट, व्यवस्थित फसवलं.

त्या तारखेनंतर एकट्या बोरभाटात अकरा जण गेले. नावं मी लिहून ठेवली आहेत, इथे लिहीत नाही.

उद्या सकाळच्या मिस्सेआधी मी पाद-विगारांकडे जाणार आहे.

बेलार्मिन


बोरभाट
१९ मे १९४३, बुधवार

लियांद्र,

तार तुला सोमवारीच मिळाली असेल. तारेत मांय गेली एवढंच लिहिता आलं. बाकीचं इथे लिहितो. उभ्याने वाच, पण शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र आणि माझं पत्र वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली. तुझं मला शुक्रवारी मिळालं, तोवर मी पाद-विगारांना सगळं सांगून चार दिवस झाले होते. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. वेदीवरची पेटी उघडली, आतली डबी काढली आणि तीतल्या ओस्त्यांकडे नुसते बघत उभे राहिले. तीन महिने त्यांनी त्याच पेटीपुढे गुडघे टेकले होते. म्हणाले, "शब्द बरोबर होते, बेलार्मिन. हातही बरोबर होते. पण ते शब्द ज्याच्यावर उतरायचे ते तिथे नव्हतंच." मग म्हणाले, "जे गेले ते त्याला मागत गेले. मागणाऱ्याच्या दारात यायला त्याला गहू लागत नाही. तेवढा माझा भरवसा आहे. तुझं आणि तुझ्या भावाचं मात्र मला आज काही बोलवत नाही." माझा साचा त्यांनी ठेवून घेतला.

घंटा वाजवून त्यांनी त्याच दिवशी लोकांना सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, पण ओस्त्या कोण करतो ते कुणाला माहीत नाही? संध्याकाळी निकलांव येऊन माझ्या दारात उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, "केरुबीनच्या तोंडात काय होतं?" मी म्हटलं, "तांदूळ." तो वळला आणि निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला झेपलं असतं.

मांयला आम्ही सांगितलं नाही. ताप उतरलेला होता, आणि मठातल्या सिस्टरांनी शुक्रवारी ओस्त्या देतो असं कबूल केलं होतं, तोवर थांबायचं ठरलं. ती रोज सकाळी विचारायची, "आज घंटा नाही? गावात सगळे बरे झाले वाटतं." गुरुवारी ताप पुन्हा चढला. शनिवारी सकाळी पाद-विगारांनी सिस्टरांच्या ओस्त्यांवर मिस्सा केली आणि तिथून थेट आमच्याकडे आले. मांयने जेजूला तोंडात घेतलं. या वेळी खराच. मी मेणबत्ती धरून भिंतीला टेकून उभा होतो, जवळ जायची माझी छाती झाली नाही.

गिळून झाल्यावर ती म्हणाली, "ही मऊ होती. तोंडात आपोआप गेली." मग माझ्याकडे बघून, "बेलार्मिन, कान सोड आणि बोल."

मी सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवलं, काट्याचं सुद्धा. ती ऐकत होती. पाद-विगारांना वाटलं आता हिला धक्का बसेल, ते पुढे सरकले. तर ती हसली. खरोखर हसली, खोकला येईपर्यंत.

"म्हणजे ईस्टरला अख्ख्या गावाने डोळे मिटून तांदूळ खाल्ला?"

"हो, मावशी."

"तांदळाने कधी कुणाचं वाईट झालंय? आम्ही कोण म्हणून तोंड उघडलं ते त्याला माहीत आहे. आमचं काही बिघडलं नाही." मग म्हणाली, "काटा धरतो तर काटा धरतो. माझ्या बापाने लोकांचे नारळ सोलले. त्यासाठी एवढं?"

मला वाटलं सुटलो आपण दोघेही. मी तुझ्या पत्राची घडी घालायला लागलो. तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. ते कठड्याचं पुन्हा वाच."

मी वाचलं. एकही रविवार चुकवलेला नाही.

"तिथल्या ओस्त्या कोण करतं?"

मी म्हटलं, बेळगावातही सिस्टरच करतात.

"गव्हाच्या?"

"गव्हाच्या."

तिचं हसू गेलं. तिने पाद-विगारांकडे पाहिलं, आणि ते खाली बघायला लागले. त्यांना ते आधीच कळलं होतं, मला तेव्हा कळलं. ती उठून बसायला लागली, आम्ही तिला धरलं. "मी तांदूळ खाल्ला म्हणून तो रडतोय," म्हणाली, "आणि स्वतः? तो तर तिथे दर रविवारी खरा जेजू खातोय. हे पोटात ठेवून. पाद्री, खरं ना? मनात असलं ठेवून जो त्याला खातो, तो स्वतःचाच निवाडा खातो, असंच शिकवलंत ना तुम्ही आम्हाला?"

पाद-विगार म्हणाले, "खरं आहे."

"किती रविवार झाले?"

मला आकडे पाठ असतात. फेब्रुवारीतलं ते पोतं निघालं तेव्हापासून मोजले. तेरा. तेवढे सांगितल्यावर ती भिंतीकडे वळली. दुपारी ताप डोक्यात गेला. बडबडली ती तुझंच. तू लहान होऊन कठड्यापाशी उभा आहेस आणि ती तुला मागे ओढते आहे, असं काहीसं. "तोंड मीट, लियांद्र. मीट म्हणते ना." रविवारभर तेच. सोमवारी पहाटे गेली. तिने तुला माफ केलं का, असं तू विचारशील. पिठाचं पहिल्या पाच मिनिटांत केलं. कठड्याचं ती करू शकत नव्हती, ते तिच्या हातात नव्हतं, म्हणूनच तिला तसा ताप आला.

माझं मी सांगतो. मी खाल्लं ते माझंच पीठ होतं, खरा जेजू नव्हे, म्हणून एवढ्या बाबतीत मी तुझ्यापेक्षा वाचलो, आणि ही लाज मला मरेपर्यंत पुरेल. पाद-विगारांनी माझी कबुली ऐकली आहे.

आता नीट वाच. मांय सोमवारी गेली. सातव्या दिवसाची मिस्सा रविवारी, २३ तारखेला येते. तू बेळगावात तिच्या नावाने मिस्सा लावली असशील, मी तुला ओळखतो. मंडळाचे सगळे येतील. आईच्या आत्म्यासाठी मुलाने त्या दिवशी कुमगार घ्यायचं असतं, आणि सगळ्यांच्या आधी तुलाच कठड्याकडे पाठवतील. तू जाशील. तिच्यासाठी म्हणून जाशील.

जाऊ नकोस. आधी पाद्रीसमोर गुडघे टेक आणि काटा, तांदूळ, मुठी, सगळं सांग. बायको विचारेल तर विचारू दे. तेवढं करता आलं नाही, तर बाकावर बसून राहा, आणि लोक काय बघायचं ते बघोत.

आज बुधवार. हे पत्र मी स्वतः मडगावपर्यंत चालत जाऊन दुपारच्या गाडीत टाकतो आहे. नाक्यावर फोडलं नाही तर शुक्रवारी पोहोचेल. फोडलं तर शनिवारी, किंवा सोमवारी.

बेलार्मिन